वेलीच्या पायाशी बर्फ

सगळ्यांत आधी एक गोष्ट साफ करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला बरं. मी मासे खात नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून माशाचा काटासुद्धा माझ्या ताटाला लागलेला नाही. मालवणच्या पट्ट्यात राहून मासे सोडणं म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला समजायचं नाही. इथे एखाद्याने संसार सोडला तर लोक म्हणतात, "सुटलो बापडो." पण बांगडा सोडला, तर घरी येऊन विचारतात, "डॉक्टरान काय सांगितल्यान?" मी हे सगळं सोसलं. सीता, म्हणजे माझी बायको, तिसऱ्यांचं सुकं खात असताना तिच्या समोर बसून मी वरणभात जेवलो आहे, आणि चेहऱ्यावर शांती ठेवली आहे. असं असूनही आज जवळच्या कट्टा गावच्या बाजारात मी दिसलो की ओळखीची माणसं आधी माझ्या पिशवीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. याला कारण एक वेल.

आता वेलीचा आणि माशाचा संबंध काय, असं कुणी विचारील. तेच सांगतो आहे. आख्यानाला पूर्वरंग लागतो.

कीर्तन ऐकताना माझं असं होतं: बुवा निरूपण करत असतात तोवर मी चारचौघांसारखा असतो. झांज वाजू लागली की गुडघे सैल होतात. आणि मध्यंतरात, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात त्या वेळी, माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा मी स्वतः देत नाही. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवू नये. पण बसवतात.

गेल्याच्या आदल्या माघातल्या उत्सवात कुडाळचे बुवा उभे होते. काय ते निरूपण. "देव फुलं मोजत नाही, हुंगतो," असं म्हणून त्यांनी नुसते डोळे मिटले, आणि सगळ्या देवळाला सुवास आला. एवढं झाल्यावर परशुराम उठला. परशुराम आमच्या देवस्थान कमिटीचा अध्यक्ष आहे, त्याची सुपारीची बाग आहे, आणि भक्तीत तो काटकसरी आहे. त्याने बुवांच्या गळ्यात जो हार घातला तो चमकीच्या झिरमिळ्यांचा, गेल्या कुठल्या तरी सत्कारातून वाचलेला. बुवांनी हात जोडले आणि मग हळूच मान खाजवली.

ती खाजवलेली मान मला बघवली नाही. मी उठलो आणि म्हणालो, "बुवा, पुढच्या वर्षी तुमच्या गळ्यात माझ्या अंगणातल्या वेलीचं फूल असेल. जांभळं. ताटाएवढं."

'ताटाएवढं' हा शब्द झांजेचा होता, माझा नव्हता.

बुवांना भरून आलं. "दत्तारामपंत, शब्द देवासमोर दिलात," ते म्हणाले, आणि ते ध्वनिक्षेपकातून म्हणाले, त्यामुळे एसटीच्या थांब्यावर बसलेल्यांनीसुद्धा ऐकलं. मी खाली बसलो तेव्हा बायकांच्या बाजूने सीतेची नजर माझ्यावर होती. घरी आल्यावर पायरीवर चपला काढताना तिने विचारलं, "येल खंय आसा?"

वेल नव्हती. तिचं चित्र मी त्या दिवशी सकाळी मोबाइलवर बघितलं होतं. क्लेमॅटिस नावाची, थंड मुलखातली, निळ्याजांभळ्या फुलांची. "येतली," मी म्हणालो.

आली, पावसाच्या सरतीला, डोंगरातल्या कुठल्याशा रोपवाटिकेतून, खोक्यात बसून. किती पडले ते इथे लिहीत नाही, कारण हे सीता वाचणार आहे. खोकं उघडायला शेजारची राधाबाई हजर होती. राधाबाईला आमच्या घरी काय उघडतं ते आमच्याआधी कळतं. आत एक काडी होती. काडीला दोन पानं होती आणि त्यातलं एक प्रवासात वारलं होतं.

"भावजी," राधाबाई म्हणाली, "ह्या तर पेटवक घालतत तसला लाकूड."

"हिला जांभळी फुलं येतात."

"हिची भैण आमच्या कुंपणार आसा. मोरयेल. धवी फुला येतत, फुकट."

बहीण असेल, पांढऱ्या फुलांची. पण मी शब्द जांभळ्याचा दिला होता. देवासमोर दिलेला शब्द कुंपणावरच्या बहिणीवर भागवायचा नसतो. राधाबाईला हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "देवाक रंग दिसता, ता माका म्हायत नव्हता." अशा माणसांशी वाद घालू नये. मी घातला, आणि त्या नादात उरलेलं पान माझ्या हातून तुटलं.

पण काडी जगली. विहिरीजवळ पोफळीच्या कडेला लावली होती, ती दिवाळीपर्यंत माझ्या खांद्याला आली. नुसती पानं. कळीचं नाव नाही. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून हरिपाठ म्हणू लागलो. त्याने माझा हरिपाठ सुधारला.

शेवटी कणकवलीला गेलो, एका कचेरीत. कुठल्या ते सांगत नाही. कचेरीचं नाव घेतलं की ती माणसं कामाला लागतात आणि मग आणखी घोटाळा होतो. टेबलामागचे साहेब सभ्य होते.

"पीक कोणतं?" त्यांनी विचारलं.

"वेल आहे. फुलत नाही."

"फळपीक आहे का?"

"नाही."

"मसाला पीक?"

"अहो, कीर्तनकारबुवांच्या गळ्यात घालायची आहे."

साहेबांनी संगणकात बघितलं. तिथे आंबा होता, काजू होता, कोकम, जायफळ होतं. कीर्तनकारबुवा नव्हते. "वेल आहे, पोफळीवर चढते, म्हणजे काळी मिरी," साहेब म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली. मी नको नको म्हणतोय तोवर मी मिरी बागायतदार झालो होतो.

नंतर पाहणीला एक गृहस्थ आले. त्यांना फोटो काढायचा होता, आणि फोटोत मिरी पोफळीला मिठी मारून असायला हवी होती. माझी वेल काठीवर होती. त्यांनी मला वेल पोफळीला धरून उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. पोफळ, वेल आणि मी, असा तो फोटो सरकारदरबारी आहे. जाताना ते म्हणाले, "मिरी कमजोर दिसते." ती मिरी नाही हे मी तिसऱ्यांदा सांगितलं. "म्हणूनच," ते म्हणाले.

आता परशुराम. तो अध्यक्ष असल्यामुळे माझ्या शब्दाची काळजी त्याला माझ्यापेक्षा जास्त होती, म्हणजे तो मोडेल की नाही याची. तो म्हणाला, "तुझ्या येलीक भय नाय. भय घालूक व्हया."

आमच्याकडे न धरणाऱ्या फणसाला भय घालतात. एकाने कोयता घेऊन झाडापाशी जायचं आणि म्हणायचं, "आता तुका तोडतंय." दुसऱ्याने आडवं येऊन म्हणायचं, "नको, ह्या खेपेक सोड, फुडल्या वर्साक धरतलो." झाड ऐकतं आणि लाजेने धरतं. फणस ऐकतात, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. तर ठरलं: कोयता परशुरामाचा, जामीन मी.

परशुराम आला तो धोतर खोचून. राधाबाई कुंपणापलीकडे मोक्याची जागा धरून उभी. परशुरामाने वेलीला सुनावायला सुरुवात केली. "गो, तुका लाज आसा? खातंस, पितंस, आणि फूल देऊचा म्हटल्यार पाना दाखवतंस?" मला वाटलं होतं दोन शब्द बोलेल. पण त्याच्यात रंग भरला. तो वेलीकडून घराण्यावर आला, घराण्यावरून मोबाइलवर वस्तू मागवणाऱ्या माणसांवर आला, आणि मग हळूहळू कुणाला बोलतो आहे ते मला स्पष्ट कळू लागलं. मी अपमानाने थिजलो, आणि "नको, सोड" म्हणायची माझी वेळ चुकली.

परशुरामाने कोयता मारला. वेल वीतभर उरली.

"तू बोलूक नाय," तो माझ्यावरच उखडला. "जामीनच बोलूक नाय, तर मी काय करू? हात वर गेलेलो खाली येतलोच."

त्या रात्री मी जेवलो नाही. सीतेने मात्र वेलीच्या बुंध्याला शेण लावून ठेवलं, आणि मला न सांगता. मला ते शेणाच्या वासावरून कळलं. माझं नाक चांगलं आहे. पुढे जे झालं त्यात सगळ्यांत जास्त सोसलं ते याच नाकाने.

वेल पुन्हा फुटली. एकाच्या जागी तीन फांद्या. परशुराम गावभर सांगत सुटला की भय लागू पडलं. तशात मला मोबाइलवरच्या एका बाईंकडून खरी गोम कळली: या वेलीचं डोकं उन्हात हवं आणि पाय गार हवेत. गार म्हणजे डोंगरातल्यासारखे. आता आमच्या जमिनीत गारवा कुठला? इथे पौषातसुद्धा भुईवर पापड भाजून निघेल.

मी हे बोलत होतो ते मुनीरसमोर. मुनीर देवबागहून सकाळी मोटारसायकलवर मासे घेऊन निघतो आणि विकत विकत कट्ट्यापर्यंत जातो. आमच्या दारी तो सीतेसाठी थांबतो. माझ्याशी नुसता बोलतो, आजारी माणसाशी बोलावं तसा. त्याने ऐकून घेतलं आणि मागच्या थर्माकोलच्या खोक्यावर थाप मारली.

"काकानू, गारवो व्हयो ना? ह्यो काय आसा? ह्या बरफात सुरमय चार दीस जिती असल्यासारखी रवता. झाडाक कित्याक नाय रवाची?"

"माशाचा बर्फ?"

"बरफ बरफ आसता. मासो त्याच्यात निजता फक्त."

माझ्या मनाने तिथेच धोक्याची झांज वाजवायला हवी होती. पण उत्सव जवळ आला होता आणि कळी नव्हती. मी हो म्हणालो. मुनीर भला माणूस. त्याने काही घ्यायचं नाकारलं. "तुमच्या बुवांक माझ्याकडून," म्हणाला. तेव्हापासून रोज परतताना तो खोक्यात उरलेला बर्फ वेलीच्या पायाशी ओतू लागला.

पहिल्या दिवशी आमचं मांजर आलं. मग राधाबाईचं आलं. मग अशी मांजरं येऊ लागली ज्यांचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. ती बर्फ चाटत आणि मग त्याच गारव्यावर वेलीच्या पायाशी अंग टाकत. वेलीचं डोकं उन्हात आणि पाय मांजरांखाली, अशी व्यवस्था झाली. त्यांना हाकलायला मी जाई, बर्फ हाताने सारखा करी, आणि तो वास हाताला, उपरण्याला, टाळांच्या दोरीला बसे. साबण लावून बघितला, चिंच लावली, बुक्का लावला. बुक्क्याचा वास लागलेला बांगडा कसा असेल, तसा मी झालो.

एकादशीच्या भजनात माझ्या डाव्या बाजूचा माणूस सरकला. मग उजव्या बाजूचा सरकला. राधाबाई कुंपणावरून म्हणाली, "भावजी, लपवू नकात. एवढी वर्सा काढलास, जीव तो काय करतलो? माळ काय चाडी सांगूक जाणा नाय."

मी संतापलो. "राधाबाई, मी वेलीसाठी बर्फ घेतो."

"घेवा, घेवा. मुनीर रोज थांबता, ता काय माका दिसना नाय?"

एकवेळ एवढं मी सोसलं असतं. राधाबाईचं आयुष्य कुंपणावरून बघण्यातच गेलं. पण मग परशुराम आला. अंगणात बसला, मांजरांची पंगत बघितली, आणि घसा साफ केला.

"दत्ताराम, बुवा यंदा राधाबाईकडे उतरतीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बुवा आमच्याकडे उतरतात. त्यांची गादी, त्यांचा तांब्या, सकाळची पेज, पहाटे ओटीवर ते गळा साफ करतात तो आवाज, हे सगळं माझं आहे. वर्षभर मी त्या एका दिवसावर जगतो. दुसरं माझ्याकडे मिरवावं असं काही नाही.

"का?" मी विचारलं.

"वास."

"कसला वास?"

"माका तोंडान बोलूक लावू नको. गळ्यात माळ आसा तुझ्या."

सीता दारात उभी होती. ती पुढे झाली. "ह्ये मासे खायत नाय. फकत बरफ घेतत, माशांचो."

परशुरामाने तिच्याकडे अतिशय दयेने बघितलं. "आणि मासे खंय जातत?"

माशांशिवाय नुसता बर्फ घेणारा माणूस या किनाऱ्यावर आजवर झालेला नाही. खरं बोलून माणूस इतका खोटा ठरू शकतो, हे मला माहीत नव्हतं. परशुराम उठताना म्हणाला, "फूल दिसला तर बघू. बुवांच्या गळ्यात तुझा फूल पडला, तर त्येंची गादी तुझ्याकडे. नायतर राधाबाईकडे. सोपा आसा."

तो गेल्यावर सीता म्हणाली, "तुमी उठून उभे रवतास, आणि भोगूचा माका लागता." पण संध्याकाळी मांजरांना हाकलायला काठी घेऊन तीच बसली होती.

उत्सवाच्या आठवड्यात कळी आली. एकच. ती हिरवी होती, मग कडेने जांभळी झाली. मी श्वास जपून घेऊ लागलो. आणि कीर्तनाच्या आदल्या दिवशी, काही कारण नसताना, त्या कळीबाईने सकाळीच उमलून घेतलं. ताटाएवढं नव्हतं. बशीएवढं होतं. पण जांभळं असं, की बघताना माझा हरिपाठ अर्ध्यावरच राहिला. आणि दुपारपर्यंत आमच्या उन्हाने त्याच्या पाकळ्यांची टोकं वळू लागली.

मुनीरने खोकं खाली उतरवलं. "काकानू, कापा. बरफात ठेवया. सुरमय चार दीस रवता, ह्याका एक दीस काय? पण फूल घालूच्या येळेपर्यंत झाकण उघडू नकात. वारो लागलो की संपला."

खोक्यावर निळ्या शाईने ठळक 'सुरमई' लिहिलेलं होतं. मी ते खरवडायचा प्रयत्न केला. थर्माकोल निघालं, सुरमई राहिली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी देवळाकडे निघालो. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला गंध, गळ्यात माळ, आणि छातीशी सुरमईचं खोकं. मागे सीता. तिच्या मागे मांजरं. वाटेतल्या एकाही माणसाने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली रांग माझ्यासाठी रिकामी झाली, मानाने नव्हे. सीता बायकांची बाजू सोडून हट्टाने माझ्या मागे येऊन बसली आणि तिने माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. "बोलूचा काय एक नाय," ती कानाशी म्हणाली. "फूल घालूचा आणि बसूचा." मांडवाच्या कडेला मुनीर मोटारसायकलला टेकून उभा होता. बर्फ त्याचा होता, त्याला बघायचंच होतं.

पूर्वरंग काय झाला ते मला आठवत नाही, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. मध्यंतर आलं. परशुराम झिरमिळ्यांचा तोच हार घेऊन तयारच होता. बुवांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "दत्तारामपंत, काही शब्द होता," ते म्हणाले.

सीतेने टोक सोडलं. मी खोकं घेऊन उठलो. पेटीवाल्याच्या हातून भाता सुटला. मी झाकण काढलं. वास आला. तो पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत रीतसर गेला. राधाबाईने पदर नाकाला लावला आणि शेजारणीकडे बघितलं: सांगितलेलं ना? एक मांजर सभामंडपाच्या खांबाआडून येऊन माझ्या पायाशी बसलं.

मी बर्फात हात घातला आणि फूल वर काढलं. जांभळं, ताजं, पाकळ्यांवर थेंब.

गेल्या वर्षी बोलून झालं होतं. फूल बुवांच्या हातात दिलं, आणि मला एकदम आठवलं: देव हुंगतो. सांगायला हवं होतं, बुवा, हुंगू नका. पण बुवांनी आपल्या सवयीने डोळे मिटून फूल नाकाशी नेलं होतं.

ते थांबले. परशुरामाच्या चेहऱ्यावर बुवांची गादी राधाबाईकडे पोचलीसुद्धा होती. मग बुवांनी डोळे उघडले, आणि ते हसले.

"समुद्र," ते म्हणाले. त्यांनी फुलाचा देठ उपरण्याच्या गाठीत खोवला, बरोबर गळ्याशी, आणि पेटीवाल्याकडे वळले. "आज आख्यान ध्रुवाचं ठरलं होतं. ते राहू दे. देवाने पहिला अवतार कोणता घेतला? बोला."

मांडवाच्या कडेवरून आवाज आला, "मासो." मुनीर होता.

आणि बुवांनी मत्स्यावतार लावला. ओंजळीत आलेला एवढासा मासा, राजाने त्याला तांब्यात ठेवला, तांबा पुरेना, रांजण पुरेना, तळं पुरेना. ऐकताना मला घाम फुटला. काडीपासून सुरमईच्या खोक्यापर्यंत वाढत गेलेली माझीच गोष्ट चालली होती. मांजर खोक्यात डोकं घालून बर्फ चाटत होतं आणि त्याला कुणी हाकललं नाही. राधाबाईचा पदर नाकावरून डोळ्यांवर गेला. परशुरामाने झिरमिळ्यांचा हार घडी करून खिशात घातला. पुढच्या सत्काराला होईल.

एवढं झालं तरी लोक सुधारतात असं समजू नका. आरतीला माझ्या शेजारी उभा राहिलेला माणूस हळूच म्हणाला, "फूल बरा होता. पण सुरमय खंय गेली?" मी आरती आणखी मोठ्याने म्हटली. देवळात होतो.

बुवांची गादी माझ्याकडे आली. आरतीनंतर सगळे पुन्हा बसले, आणि निघण्याआधी बुवांनी सभेला हात जोडले. "आज या गावाने देवाला समुद्र वाहिला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी काय वाहाल?" झांज वाजत होतीच. माझे गुडघे सैल झाले. पाठीमागून सीतेने पुन्हा धरलेला सदरा ताणला गेला, आणि मी मुकाट्याने जीभ दाताखाली धरली. एकदाची अक्कल आली, असं मला वाटलं.

मग मागून आवाज आला. "बुवांनू, फुडल्या वर्साक आख्खो हार. जांभळो."

मी वळलो. सीता उभी होती. तिचे डोळे वाहत होते, आणि माझ्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीतून सुटलेलं नव्हतं, त्यामुळे तिच्याबरोबर मलाही उठावंच लागलं.